रस्त्याकडे पाठ करून

रस्त्याच्या कडेला घर असलं की माणसं ओट्यावर बसून रस्ता बघतात. आमच्या सावद्यात काही जणांचा तर तो पूर्णवेळ उद्योग आहे. डायव्हर आबा मात्र एसटी चालवत सगळी नोकरी रस्त्यावर काढूनही रस्त्याकडे पाठ करून बसायचे. पारोळा सोडून धुळ्याकडे निघालं की हायवेला लागून एक गाव येतं, तिथं त्यांचं घर. अंगणात कडुनिंब. निंबाच्या बुंध्याला त्यांनी एसटीचा जुना, लांबट आरसा तारेनं आवळून बांधला होता, भंगारवाल्याकडून मागून आणलेला. आबा खाटेवर निंबाकडे तोंड करून बसायचे आणि पाठीमागचा रस्ता त्या आरशात बघायचे. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या ट्रॉलीचं चाक डुगडुगतंय, सगळं त्यांना तिथं दिसायचं. नवखा माणूस अंगणात आला की चक्रावून जायचा, कारण आबा मान न वळवताच त्याला "या, बसा" म्हणायचे.

त्याच आरशात त्यांनी मला पडताना पाहिलं.

मी तेव्हा वणीच्या गडाला पायी निघाले होते. चैत्रात अर्धा खानदेश सप्तशृंगीच्या गडाकडे चालू लागतो. आमच्या गल्लीतल्या बायकांचा जथा दर वर्षी जायचा, आणि दर वर्षी मी त्यांना दारातून हात जोडून निरोप द्यायचे. कारण घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. बसस्टँडसमोर आमचं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे, ते मी सांभाळते. आमचे हे केळीच्या ट्रकांबरोबर उत्तरेला जातात, महिन्यातला निम्मा वेळ बाहेर. मुलगी पुण्याला शिकायला. त्यामुळे सासूबाईंचं सगळं माझ्याकडे होतं, आणि ते मी मनापासून केलं. त्या दिवाळीच्या सुमारास गेल्या. त्यानंतर घरात एवढी शांतता झाली की मला ती सोसेना. त्यांचं खोकणं थांबलं होतं, पण मी रोज दचकून उठत होते. चैत्र आला तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आता काय अडचण आहे, चल की. नवस वगैरे काही नव्हता. मी नुसती चालायला निघाले.

एरंडोलच्या मुक्कामातच अंगात कणकण होती. गोळी घेतली, कुणाला सांगितलं नाही. घरातल्या सगळ्यांची दुखणी ओळखणाऱ्या बाईला स्वतःचं दुखणं ओळखता येत नाही. पारोळ्याच्या पुढं ऊन चढलं, डांबर पायाखाली मऊ लागायला लागलं, पुढं चाललेला झेंडा एकाचे दोन दिसायला लागले, आणि मग काय झालं ते मला आठवत नाही.

काय झालं ते अक्कांनी नंतर सांगितलं. अक्का म्हणजे आबांच्या थोरल्या बहीण. दोघंही एकटे पडलेले, म्हणून एका घरात राहत. मी पडले तसे आबा खाटेवरून उठले. पण माझ्याकडे आले नाहीत. आधी सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, आणि मागून येणारी सगळी वाहनं थांबवली. एक मोटारसायकलवाला कटकट करायला लागला तर त्याला म्हणाले, गाडी बंद कर. ती बंद झाल्यावरच मागे वळून त्यांनी आमच्या बायकांना मला उचलायला सांगितलं.

जथ्याबरोबर सामानाचा टेम्पो होता. त्यात घालून मला जळगावला परत न्यावं असं बायकांचं चाललं होतं. आबांनी टेम्पोभोवती एक चक्कर मारली, चाकांकडे पाहिलं आणि सांगितलं की हा टेम्पो गोणीसुद्धा न्यायच्या लायकीचा नाही. गावातल्या डॉक्टरांनी येऊन सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. टायफॉईड निघाला. हलवू नका, आठवडाभर तरी पडून राहू द्या, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या वहिनी माझ्याजवळ थांबायला तयार होत्या. मीच त्यांना पुढं जायला लावलं. माझी खण-नारळाची पिशवी त्यांनी घेतली, देवीला वाहते म्हणाल्या, आणि डोळे पुसत निघून गेल्या. मी अनोळखी घरात, अनोळखी खाटेवर पडून राहिले. भीती वाटत होती हे खरंच. अक्कांनी माझ्या कपाळावर ओला पंचा ठेवला आणि म्हणाल्या, "माय, घाबरू नको. आठे बठ्ठं तुनंच शे." इथं सगळं तुझंच आहे.

यांना फोन केला तेव्हा हे पंजाबात होते, माल उतरायचा होता. घाबरून गेले. माझ्या हातातला फोन आबांनी घेतला. मला वाटलं, आता तापाविषयी, औषधांविषयी बोलतील. आबांनी विचारलं, गाडी कोणत्या घाटानं चढवली. मग केळीवर ताडपत्री कशी बांधता, डायव्हर रात्री किती झोपतो, इंदूरचा बायपास आता कसा आहे. बराच वेळ दोघं रस्त्याविषयीच बोलले. माझं नाव एकदाही निघालं नाही. शेवटी फोन माझ्याकडे आला तेव्हा यांचा आवाज पार बदललेला होता. म्हणाले, "माणूस भला आहे. तू तिथंच राहा. मी माल उतरवून येतो." त्या बोलण्यातून यांना काय कळलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण जे कळलं ते बरोबर होतं.

आबांचं गाव त्यांना विक्षिप्त म्हणायचं, त्याचं मुख्य कारण आरसा नव्हता. निवृत्त झाल्या दिवसापासून आबा कुठल्याही वाहनात बसले नव्हते. मोटारसायकल नाही, रिक्षा नाही, बैलगाडीसुद्धा नाही. धुळ्याला लग्न असलं तर आदल्या दिवशी पायी निघत. एवढ्या आधी पोचत की मांडवाचे बांबूही उभे राहिलेले नसत, मग घरचे लोक त्यांनाच पाण्याच्या टाक्यांवर उभं करत. यामागचं कारण विचारावं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर. डॉक्टरांना म्हणाले, बसलं की गुडघे धरतात. शाळेतल्या पोरांना म्हणाले, माझ्या वाट्याची चाकं फिरून संपली. सरपंचांनी एकदा नवी गाडी घेतली आणि आबांना चक्कर मारायला बोलावलं, तर म्हणाले, तुझ्या गाडीत कंडक्टर नाही, घंटी कोण मारणार.

दुसरी गंमत त्यांच्या डब्याची. घरात अक्का गरम भाकरी करायच्या, पण आबांना ताटात जेवण नको असे. नोकरीत सगळं आयुष्य डबा खाल्लेला, तो तसाच लागायचा. अक्का रोज भाकरी, चटणी आणि वांग्याची भाजी डब्यात भरून त्यांच्या हातात द्यायच्या. आबा डबा घेऊन घराला वळसा घालत आणि मागच्या बाजूला लिंबाच्या झाडाखाली बसून तो उघडत. चुलीपासून ती जागा हाकेच्या अंतरावर. "हाऊ ड्युटीवर गया," असं अक्का मला सांगायच्या. त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. मी नवीनच असताना मला वाटलं होतं की म्हातारा वेडसर आहे. मग एकदा लक्षात आलं की अक्का रोज डब्याच्या झाकणात काहीतरी वेगळं ठेवतात, कधी गुळाचा खडा, कधी कैरीची फोड, आणि आबा परत आल्यावर त्याबद्दल चकार शब्द न काढता डबा स्वतः घासून पालथा घालतात.

मला मात्र कुणी माझं काही करावं हे सहन होत नव्हतं. ताप जरा उतरला की मी उठायचे. ताट उचलायचे, भिंतीला धरत मोरीपर्यंत जायचे. अक्का रात्री नुसत्या कुशीवर वळल्या तरी मी उठून बसायचे आणि विचारायचे, काही हवंय का. एका सकाळी मी झाडू हातात घेतला आणि दोन पावलं झाडून उंबऱ्यावर मटकन बसले. आबा अंगणातून आले. माझ्या हातातला झाडू घेतला आणि उरलेली खोली त्यांनी स्वतः झाडली, कोपऱ्यांसकट. मला रडू आलं. मी त्यांना म्हणाले, आबा, मला असं आयतं पडून खायची सवय नाही, मी तुमची कोण लागते, तुम्ही दोघं म्हातारी माणसं माझं करताय, मला लाज वाटते.

आबांनी झाडू कोपऱ्यात ठेवला.

"गाडीमा डायव्हर एकच ऱ्हास," ते म्हणाले. "आते तू प्याशिंजर शे. गुमान बठी ऱ्हाय."

आणि मग, बाहेर जाता जाता, जरा मऊ आवाजात म्हणाले की इतकी वर्षं घर तूच हाकलंस, ते तुझ्याकडे बघूनच कळतं. डायव्हरची ड्युटी संपली की त्यालाही मागच्या सीटवर झोपू देतात.

मी परत खाटेवर जाऊन पडले. त्या दिवशी दुपारभर मी झोपले. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

त्यानंतर दुखणं उलटलं. ताप पुन्हा चढला, पोटात कळा यायला लागल्या, मी काहीबाही बोलायला लागले. सासूबाईंना हाका मारत होते म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, आता इथं ठेवू नका, धुळ्याला न्या. रुग्णवाहिका आली. अक्कांना गाडी सोसत नाही, फाट्यापर्यंत जातानाच उलट्या होतात. यांची गाडी पंजाबात बिघडून अडकली होती, मुलीची परीक्षा म्हणून तिला कळवलं नव्हतं, त्यामुळे माझ्याबरोबर जायला घरचं माणूस कुणी नव्हतं. डॉक्टर शेजारपाजारी विचारायला वळले, तेवढ्यात आबा चप्पल घालून रुग्णवाहिकेत चढून बसले.

अक्का सांगतात, अख्खी गल्ली बाहेर आली होती, पण मला बघायला नाही. आबा गाडीत बसलेत हे बघायला. सरपंच तेवढे पुढं झाले आणि त्यांनी स्वतः दार लावून घेतलं.

त्या प्रवासातलं मला फार थोडं आठवतं. पत्र्याचं छत आठवतं. आणि आबांचा उजवा पाय आठवतो. गतिरोधक आला की तो पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा, ब्रेक दाबावा तसा, आणि गाडी उसळली की त्यांचा हात माझ्या खांद्यावर यायचा. मध्येच ते पुढच्या माणसाला म्हणाले, "धीरे हाक, भाऊ. गाडीमा माणूस शे." तो बिचारा आधीच जपून चालवत होता. पण ते वाक्य माझ्या कानात राहिलं. तापाच्या गुंगीतही मला कळलं की तो माणूस म्हणजे मी.

धुळ्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या कॉटवर एक मारवाडी बाई होत्या. मूतखड्याच्या कळांनी हैराण झालेल्या, तरी तोंड सतत चालू. मला एकटी पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी सुनेला फोन करून सांगितलं की डबा दोघींचा पाठव, माझी बहीण शेजारी आहे. तेव्हापासून मुगाचं पाणी आणि मऊ भात दोघींसाठी यायला लागला. नर्सनं विचारलं, सख्खी बहीण का, तर म्हणाल्या, सख्खीच, कॉटला कॉट लागून आहे. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. त्या आधी घरी गेल्या, आणि जाताना स्वतःची उशी माझ्याकडे ठेवून गेल्या, दवाखान्याची टोचते म्हणून.

आबा त्या सगळ्या दिवसांत वऱ्हांड्यात राहिले. दुपारी भेटायला येणाऱ्यांची दारात गर्दी झाली की ते उठून उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "पुढं सरका, पुढं जागा आहे, दाराशी उभे राहू नका." नोकरीभर कंडक्टरच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पाठ होतं. माणसं खरंच पुढं सरकायची. नर्सबाई खूश होत्या. एका आजोबांना कुणी भेटायला येत नव्हतं, त्यांच्याजवळ आबा जाऊन बसायचे आणि दोघं न बोलता पंख्याकडे बघत राहायचे.

मला सोडलं त्या दिवशी आबांनी माझ्यासाठी गावातली ओळखीची रिक्षा बोलावली, मागच्या सीटवर गोधडी अंथरली, मला बसवलं, रिक्षावाल्याला कुठं खड्डा आहे ते सांगितलं, आणि स्वतः मागे उभे राहिले. मी म्हणाले, आबा, चला ना. ते म्हणाले, येताना तुझं काम होतं, आता माझं काही काम नाही. मी घरी पोचले, पेज प्यायले, झोपून उठले, तरी आबा आले नव्हते. ऊन उतरल्यावर आले, पाय धुतले आणि आल्या आल्या अक्कांकडे डबा मागितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निंबावरचा आरसा सोडवला. मी पडून बघत होते, काय करतायत कळत नव्हतं. त्यांनी तो माझ्या खिडकीच्या गजाला बांधला, मग आत येऊन माझ्या उशीजवळ डोकं आणून बघितलं, पुन्हा बाहेर जाऊन जरासा वळवला, पुन्हा आत आले. असं कितीतरी वेळा. शेवटी मला पडल्या पडल्या रस्ता दिसायला लागला. गडाला जाणारे शेवटचे जथे तेव्हा चालले होते. भगवे झेंडे, डोक्यावर ओले टॉवेल, एका बाईच्या कडेवर पोर, एकीच्या हातात चपला. मला वाटलं होतं की ते बघून वाईट वाटेल, आपलं राहिलं म्हणून. तसं झालं नाही. त्यांच्यातली एक बाई थांबून आरशात बघत कुंकू सारखं करत होती. आतून कुणी बघत असेल हे तिच्या गावीही नव्हतं. मला हसू आलं. आजारी पडल्यापासून पहिलं हसू ते.

पुढं पौर्णिमा झाली, झेंडे संपले, नुसती वाहनं उरली. आबा आरशाविना खाटेवर बसत होते, तरी निंबाकडे तोंड करूनच. मी म्हणाले, आता आरसा परत न्या. म्हणाले, तुझं स्टेशन यायचंय अजून.

टायफॉईडनंतर माझे केस गळायला लागले. कंगवा फिरवला की पुंजकेच्या पुंजके. अक्का रोज सकाळी खोबरेल घेऊन माझ्या मागे बसायच्या आणि बोटांनीच हळूहळू विंचरायच्या. गळालेले केस त्या मला दिसू देत नसत. पटकन गुंडाळून कमरेला खोचायच्या आणि दुसरंच काही बोलत राहायच्या, म्हैस आटली, कांदा उतरला, अमक्याच्या सुनेला मुलगी झाली. मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. माझी आई मी कॉलेजात असताना गेली, वडील माझ्या लग्नानंतर लगेच. त्यानंतर माझी वेणी दुसऱ्या कुणी घातली नव्हती.

हे पंजाबातून आले ते मला न्यायलाच. गाडी घेऊन आले होते. चहा झाला, यांचं आणि आबांचं पुन्हा रस्त्याविषयी बोलणं झालं, मी पिशवी भरायला घेतली. तेव्हा अक्का पदर सारखा करत बाहेर आल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ-दहा दिवसांवर होती.

"जावाईबापू," त्या म्हणाल्या, "आखाजी व्हई जाऊ द्या, मंग लई जा. आखाजीले आंडेर माहेरमाच ऱ्हास."

खानदेशात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीला जाईल न जाईल, पण आखाजीला लेक माहेरी जातेच. आमच्या गल्लीतून त्या दिवसांत सगळ्या सुना निघून जातात, गल्ली ओस पडते. मी दर वर्षी मागे राहायचे. दुकान उघडं असायचं, सासूबाईंचं औषधपाणी असायचं, त्यामुळे कुणी काही विचारत नसे आणि मीही काही सांगत नसे. यांना हे सगळं ठाऊक होतं. हे उठले. मग अक्कांच्या पाया पडले आणि म्हणाले, "बरं, अक्का. आखाजी झाल्यावर येतो."

आखाजीच्या आदल्या दिवशी आबांनी निंबाला झोका बांधला. दोराला लोंबकळून, हिसके देऊन, गाठीवर पाणी मारून, त्यांनी तो एवढा तपासला की गल्लीतल्या मुली कंटाळून निघून गेल्या. सणाच्या सकाळी अक्कांनी खापरावर पुरणपोळ्या केल्या, पातळ, रुमालासारख्या. आमरस केला. डॉक्टरांनी मला दोन्ही मना केलं होतं. अक्कांनी बोटभर तुकडा रसात बुडवून माझ्या तोंडात घातला आणि दाराकडे बघितलं, डॉक्टर येतायत की काय अशा भावानं. दुपारी माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. त्यांनी मला बसवलं. माझ्या पायांत जोर नव्हता, म्हणून अक्काच मागून हळूहळू झोका देत होत्या. आबा खाटेवर बसले होते.

मी त्यांना तेव्हा विचारलं, आबा, मला तरी खरं सांगा, तुम्ही गाडीत का बसत नाही.

आबा म्हणाले की नोकरीत किती माणसं नेली त्याला गणती नाही, पण सगळ्यांकडे माझी पाठ. आरशात दिसतील तेवढीच तोंडं दिसायची, तीही अर्धी. इतक्या गावांतून गेलो, पण गाव म्हणजे नुसता थांबा. दोन मिनिटं, घंटी, निघालो. कुठल्या गावात कुणाच्या घरचं पाणी प्यायलो नाही. आता पायी जातो तर चार ठिकाणी माणसं बोलावतात, बसवतात, कुणाची मुलगी कुठं दिली ते कळतं. "गाडीमा बठनू ते हाई बठ्ठं मागे ऱ्हाई जास," ते म्हणाले. गाडीत बसलो की हे सगळं मागे राहून जातं.

हे उत्तर तरी खरं होतं का, मला माहीत नाही. पण ते सांगताना आबा निंबावरच्या आरशाच्या रिकाम्या जागेकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

आबा मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले, फार त्रास झाला नाही. आम्ही दोघं गेलो होतो. अक्का आता भाच्याकडे असतात, तिथून दर आठवड्याला मला फोन करतात आणि केस वाढले का ते विचारतात. गड माझा अजून राहिलेलाच आहे. त्या पुढच्या चैत्रात डॉक्टरांनी नको म्हटलं, नंतर पायांनी साथ दिली नाही. लोक विचारतात, रुखरुख लागत नाही का. मी म्हणते, होईल, देवी कुठं जाते.

पण मला लिहायचं होतं ते आजाराच्या पुढच्या वर्षीचं. चैत्र सरत आला होता, ऊन मात्र वैशाखाचं होतं. शाळांच्या दाखल्यांचे, आधार कार्डांचे दिवस, त्यामुळे दुकानापुढं रांग लागलेली. मी मान खाली घालून मशीनवर कागद लावत होते. एकेक जण पुढं यायचा, कागद द्यायचा, निघून जायचा. असंच एकदा मी हात पुढं केला तर हातात कागद पडला नाही. मान वर केली. समोर आबा उभे होते. खांद्यावर पिशवी, हातात काठी, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या, चेहरा उन्हानं रापलेला. केव्हापासून ते रांगेत उभे होते कोण जाणे. आपला नंबर आल्यावरच ते पुढं झाले होते.

पारोळ्याच्या पलीकडून सावद्यापर्यंत, अशा उन्हात, त्या वयात. मी रागावायला तोंड उघडलं. आबांनी काठी काउंटरला टेकवली.

"आखाजी उनी," ते म्हणाले. "तुले लेवाले ऊनू."

मी मशीन बंद केलं. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आतून स्टूल आणलं, पाणी आणलं, आबांच्या पायांवर घालायला तांब्या भरला. गडबड ऐकून शेजारच्या दुकानातल्या काकू बाहेर आल्या. पदर डोक्यावर घेत त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, कोण पाहुणे आलेत.

मी म्हणाले, "माझ्या माहेरचे. मला न्यायला आलेत."